भावाच्या नाकातून 'मेंदूचं पाणी' येतंय, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं की कवटी उघडून? (लग्नसराई तोंडावर आहे)

कोयनाकाठ_७७

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण नीट वाचून सांगा, डोकं चालेनासं झालंय.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. २६ दिवसांपूर्वी रात्री सुपारीवरून परत येताना मोटरसायकल घसरली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं (आता काय बोलणार). कपाळ आपटलं, दोन्ही डोळे काळेनिळे झाले, नाकातून रक्त. पाच दिवस आयसीयू, नशिबाने मेंदूत रक्ताची मोठी गाठ वगैरे नव्हती, नवव्या दिवशी घरी सोडलं. घरी आल्यावर आईच्या लक्षात आलं की हा जेवायला खाली वाकला की डाव्या नाकपुडीतून टपटप पाणी पडतं, एकदम स्वच्छ, शेंबडासारखं चिकट नाही. आम्ही म्हटलं सर्दी झाली असेल, आठ दिवस सर्दीच्या गोळ्या दिल्या. मग तो म्हणायला लागला की घशात खारट लागतं आणि उठून बसलं की डोकं ठणकतं.

परत दवाखान्यात नेलं. सीटी झाला, नाकाच्या छताचं हाड चिरलंय आणि मेंदूभोवतीचं पाणी तिथून झिरपतंय असं निघालं. आता एक न्यूरोसर्जन म्हणतात कपाळावरून उघडून आतून शिवू. ईएनटीवाले म्हणतात उघडायची गरज नाही, नाकातून दुर्बिणीने पॅच लावू. आणि मधल्या मधे गेले दोन दिवस पाणी कमी झालंय तर भाऊ म्हणतो काहीच नको, आपोआप बंद होतंय, पुढच्या महिन्यात ११ सुपाऱ्या आहेत.

कुणाच्या घरात असं झालंय का? कुणाचं ऐकायचं?

पाटणचे_नाना

घाबरू नका. डोक्याला मार लागला की सर्दी साठते. वेखंडाची धुरी द्या, सकाळी उपाशीपोटी जलनेती आणि १५ मिनिटं कपालभाती करायला लावा, नाक मोकळं होईल. आमच्या पुतण्याला याने फरक पडला होता.

लंगडा_घोडा

नाना राग मानू नका, तुम्ही वयाने मोठे आहात पण हे अजिबात करू नका. कपालभातीत नाकातून झटके मारायचे आणि याच्या नाकाच्या छताला भोक आहे, हवा सरळ कवटीत जाईल. जलनेती म्हणजे तर बाहेरचं पाणी स्वतःच्या हाताने त्या भोकाशी नेऊन सोडायचं.

मी स्वतः यातून गेलोय म्हणून बोलतो. माझा अपघात वेगळा, गच्चीवरून पडलो होतो, पण पाणी तसंच, उजव्या बाजूने. मलाही महिनाभर सगळे सर्दी सर्दीच म्हणत होते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक साधी गोष्ट दाखवली, रुमालावर शेंबूड वाळला की कडक होतो, हे पाणी वाळलं की रुमाल मऊच राहतो. ही काही पक्की टेस्ट नाही पण माझ्या बायकोला त्या रुमालाने जितकं पटलं तितकं सीटीच्या रिपोर्टने पटलं नाही. मग ते पाणी बाटलीत धरून 'बीटा टू ट्रान्सफेरिन' नावाच्या टेस्टला पाठवलं (ते मेंदूचंच पाणी आहे का हे त्यात कळतं), आमच्या गावात होत नाही, बाहेर जातं, रिपोर्टला बरेच दिवस लागले. पाणी धरायचा कार्यक्रम म्हणजे एक तमाशाच, मी खुर्चीत बसून मान गुडघ्यात घातलेली आणि मेहुणा खाली बाटली धरून बसलेला, एक मिलिलिटर होईपर्यंत.

माझं दुर्बिणीतून झालं. दोन वर्षं झाली, एक थेंब नाही. बाकी विचारायचं असेल ते विचारा.

कोयनाकाठ_७७

@लंगडा_घोडा नाव असं का?

लंगडा_घोडा

कारण ऑपरेशन नाकाचं आणि लंगडत होतो पायाने 😄 पॅचसाठी मांडीतून चरबीचा तुकडा आणि स्नायूवरचा पांढरा पडदा घेतात. नाकात सुजेपलीकडे फारसं दुखलं नाही, मांडीचे टाके मात्र दहा दिवस बोंबलत होते. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी नाकाकडे बघायचा मग पायाकडे.

नाककानघसा_मिरज

मी ईएनटी सर्जन आहे. पेशंट न बघता इथून सल्ला देत नाही, पण तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी का सांगितल्या ते समजावू शकतो.

मेंदूभोवती साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं आणि शरीर रोज जवळजवळ अर्धा लिटर नवीन तयार करतं, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं बदललं जातं. त्यामुळे 'पाणी संपेल का' ही भीती नको. थोडं वाहून गेलं तर डोकं दुखतं, बसल्यावर जास्त, आडवं झाल्यावर कमी. खरी भीती उलट्या दिशेची आहे. जिथून पाणी खाली येतं तिथूनच नाकातले जंतू वर जाऊ शकतात आणि मेंदूज्वर होतो, बहुतेक वेळा न्यूमोकोकस नावाच्या जंतूमुळे.

नाकाच्या छताला, वासाच्या नसा जिथून खाली उतरतात तिथे, चाळणीसारखं हाड आहे, आणि त्याच्या कडेची भिंत तर कागदाइतकी पातळ. कपाळावर मार बसला की तिथे चीर जाते आणि वरचा ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, त्या हाडाला घट्ट चिकटलेला असल्यामुळे सोबत फाटतो. अपघातानंतरच्या अशा बऱ्याच गळत्या पहिल्या आठ-दहा दिवसांत नुसत्या विश्रांतीने बंद होतात: डोकं ३० अंश वर, नाक शिंकरायचं नाही, जोर करायचा नाही, शौचाला साफ व्हायचं औषध. कधी कमरेतून बारीक नळी घालून तासाला १० मिलिलिटरच्या आसपास पाणी काढतात म्हणजे वरचा दाब कमी राहतो. पण तुमच्या भावाला २६ दिवस झालेत. ती मुदत गेली.

आता वरून की नाकातून. हे भोक कुठे आहे आणि केवढं आहे यावर ठरतं, कोणता डॉक्टर मोठा यावर नाही. कपाळाच्या सायनसची, म्हणजे कपाळाच्या हाडातल्या पोकळीची, मागची भिंत चुरा झालेली असेल, हाडाचा तुकडा मेंदूत घुसला असेल, आत रक्ताची गाठ काढायची असेल तर वरूनच जावं लागतं, न्यूरोसर्जनचं बरोबर. पण चीर चाळणीच्या हाडात, एथमॉइडच्या (डोळ्यांमधल्या सायनसच्या) छतात किंवा स्फिनॉइडमध्ये (नाकाच्या अगदी मागच्या सायनसमध्ये) असेल तर आज जगभर पहिली पसंती दुर्बिणीला आहे. पहिल्याच प्रयत्नात ९० टक्क्यांच्या आसपास केसेस बंद होतात, राहिल्या त्यातल्या बऱ्याच दुसऱ्यांदा. वरून जाताना मेंदूचा पुढचा भाग उचलून धरावा लागतो आणि त्यात वासाच्या नसा तुटायची शक्यता बरीच. वॉल्टर डँडी या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९२६ मध्ये वरूनच पहिली यशस्वी दुरुस्ती केली, त्यानेही मांडीचाच पडदा लावला होता, आपले लंगडा घोडा जुन्या परंपरेतले आहेत. दुर्बिणीतून करायला सुरुवात १९८० च्या दशकात झाली, त्यामुळे वरून उघडायचं शिकलेली एक मोठी पिढी अजून काम करतेय आणि ज्याचा हात जिथे बसलाय तो तेच सुचवणार, यात खोट काही नाही.

रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलंय ते टाका.

अक्काताई_वाई

'पाणी कमी झालंय तर राहू दे' यावर मला बोलायचंय.

माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले, नाकातून पाणी आलं, तीन आठवड्यांनी आपोआप थांबलं. डॉक्टरांनी परत दाखवायला या म्हणून लिहून दिलं होतं, ऊस तोडणीचे दिवस होते, कोण जातंय. थांबलं ना, झालं. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी एका रात्री ताप, मान ताठ, बडबड करायला लागले, कुणाला ओळखेनात. आम्हाला वाटलं मलेरिया. मेंदूज्वर निघाला. मधल्या दोन वर्षांत नाकातून थेंब आला नव्हता, निदान त्यांनी सांगितला नव्हता. वाचले, पण डाव्या कानाने ऐकायला येत नाही आता, आणि ऑपरेशन करावं लागलंच, बरे झाल्यावर. तेव्हा सीटीत दिसलं की भोक होतं तिथेच होतं.

भावाला सांगा ११ सुपाऱ्या सोडल्या तरी बँड बंद पडत नाही.

नाककानघसा_मिरज

अक्काताईंनी सांगितलं ते प्रत्येक पेशंटला सांगायला हवं. नाकाच्या आतली त्वचा भराभर वाढते, दुधावर साय धरावी तशी भोकावर पातळ थर धरते आणि पाणी थांबतं. पण खालचा ड्युरा आणि हाड तसे भरून येत नाहीत. म्हणून 'थांबलं' आणि 'बुजलं' यात फरक आहे. लगेच थांबलेल्या प्रत्येक गळतीला ऑपरेशन लागतं असं मी म्हणत नाही, त्यावर आमच्यातही वाद आहेत. पण तीन आठवड्यांहून जास्त वाहून मग कमी झालेल्या गळतीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

दुबईकर_चिपळूणचा

माझं कानातून आलं होतं. कानामागचं हाड फ्रॅक्चर, साइटवर मचाणावरून पडलो. सहाव्या दिवशी बंद, ऑपरेशन नाही काही नाही, तपासण्या करून सोडलं. म्हणजे प्रत्येकाला कापतातच असं नाही. फक्त घरी यायला विमानात बसू दिलं नाही, कवटीत हवा होती ती जिरल्याचं स्कॅनमध्ये दिसेपर्यंत थांबवलं, गणपती हुकले.

नाककानघसा_मिरज

बरोबर, कानाची गळती नाकाच्या मानाने खूप जास्त वेळा आपोआप बंद होते, दोन्हीची तुलना करू नका. आणि हवेचं म्हणाल तर कवटीत अडकलेली हवा उंचीवर फुगते.

कोयनाकाठ_७७

रिपोर्टमधलं डॉक्टरांनी समजावलं तसं लिहितो. डाव्या बाजूला चाळणीच्या हाडाला लागून एथमॉइडच्या छतात साधारण ४ मिलिमीटरचं भोक. कपाळाच्या सायनसची पुढची भिंत थोडी दबलीय, मागची शाबूत. मेंदूचा भाग खाली उतरलेला नाही, हवाही आता नाही. एमआरआयमध्ये पाण्याची रेघ त्याच जागी नाकात उतरताना दिसतेय.

अजून काही प्रश्न. अँटिबायोटिक चालू ठेवायचं का, शेजारचे मेडिकलवाले म्हणतात रोज एक घेत राहा. लस असते का काही? आणि खर्च, आमचा विमा नाही.

लंगडा_घोडा

खर्चाचं सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा, तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजात बसतं ते तोच सांगेल. ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही, मी नंतर विचारलं आणि दोन दिवस लेखी परवानगीच्या मागे फिरलो. आणि अपघाताचे एमएलसीचे (हॉस्पिटलने केलेल्या पोलीस नोंदीचे) कागद जपून ठेवा, पुढे लागतात.

नाककानघसा_मिरज

रोजचं अँटिबायोटिक नको. नुसती गळती आहे म्हणून देत राहिल्याने मेंदूज्वर टळतो असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही, उलट नाकात हट्टी जंतू तयार होतात. ऑपरेशनच्या वेळी देतात ते वेगळं. लस आहे, न्यूमोकोकलची, अशा गळतीत ती सुचवली जाते, तुमच्या सर्जनना विचारून घ्या.

तुम्ही लिहिलंय तसंच भोक असेल तर ते दुर्बिणीच्या अगदी हाताशी आहे. माझं मत विचाराल तर नाकातून. तरी त्या न्यूरोसर्जनना सोडू नका, एकाच हॉस्पिटलमध्ये दोघं असतील असं बघा आणि ऑपरेशनच्या दिवशी ते इमारतीत असतील का हे सरळ विचारा.

काय करतात थोडक्यात: पूर्ण भूल. काही ठिकाणी कमरेतून अगदी पातळ केलेला फ्लुरोसीनचा रंग सोडतात म्हणजे गळणारं पाणी दुर्बिणीत हिरवं चमकतं, मी फक्त भोक सापडत नसेल तेव्हाच वापरतो. भोकाच्या कडेची त्वचा काही मिलिमीटर खरवडून हाड उघडं करतात, हे नीट केलं नाही तर पॅच धरतच नाही. मग चरबी किंवा पडदा भोकातून वर सरकवून हाड आणि ड्युराच्या मधे बसवतात, खालून दुसरा थर, त्यावर ग्लू, मग जेलफोम (आपोआप विरघळणारा स्पंज) आणि पॅकिंग. बेसिनच्या भोकात वरून बूच बसवल्यासारखं, वरून पाण्याचा दाब आला की ते अजूनच घट्ट बसतं. भोक मोठं असेल तर नाकाच्या पडद्याची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून लावतात, तुमच्या ४ मिलिमीटरला बहुधा लागणार नाही.

भूलतज्ज्ञ अनुभवी हवा. पेशंट भुलेची श्वासनलिकेतली नळी काढताना जोरात खोकला की केलेलं काम जातं.

पाटणचे_नाना

माझं चुकलं बाबा. पण मग एक विचारतो, शिंक आली तर माणसाने करायचं काय? शिंक काय विचारून येते?

लंगडा_घोडा

नाना एक नंबर प्रश्न 😄 तोंड सताड उघडं ठेवून शिंकायचं, आ करून, नाक दाबायचं नाही. मला सिस्टरने रोज सराव करायला लावला होता. पहिली खरी शिंक आली तेव्हा पूर्ण वॉर्ड माझ्याकडे बघत होता. आणि शौचाला जोर नाही, वाकून बूट घालायचे नाहीत, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, घागर उचलायची नाही.

कोयनाकाठ_७७

(अठरा दिवसांनी) सगळ्यांना अपडेट देतो, उशिराबद्दल सॉरी.

झालं ऑपरेशन, नाकातूनच, मागच्या मंगळवारी. दोन्ही डॉक्टर एकत्र बसले तेव्हा कळलं की न्यूरोसर्जननी पहिलाच सीटी बघितला होता, त्यात हवा आणि सूज होती, नवीन स्कॅन बघितल्यावर ते स्वतःच म्हणाले की नाकातून करा. आम्ही उगाच आठवडाभर दोघांमधे भांडण असल्यासारखं रात्र रात्र जागलो. अडीच तास लागले. मांडीचा तुकडा घेतला, कमरेतली नळी लावली नाही. पॅकिंग पाचव्या दिवशी काढलं, ते काढतानाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं, नाकातून अख्खा बाजार निघतोय असं वाटलं म्हणतो. मग त्याला खुर्चीत बसवून मान खाली घालायला लावली, दहा मिनिटं. आम्ही सगळे त्या फरशीकडे बघत उभे. काही पडलं नाही.

योजनेत बसलं, @लंगडा_घोडा तुमचे उपकार. लस घेतली.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. वास अजिबात येत नाही त्याला, अपघातापासूनच, फोडणी करपली तरी कळत नाही. हे परत येईल का? आणि ट्रंपेट?

नाककानघसा_मिरज

चांगली बातमी. वास अपघाताच्या दणक्यातच गेलेला दिसतोय, ऑपरेशनने नाही. काहींना काही महिन्यांत थोडा परत येतो, काहींना येतच नाही, आत्ता सांगता येणार नाही. तोवर घरात गॅसचा वास त्याला येणार नाही हे लक्षात ठेवा, स्वयंपाकघरात एकट्याने गॅस पेटवायचा तर आधी कुणीतरी येऊन बघू दे, किंवा गॅसचा अलार्म मिळतो तो बसवा.

ट्रंपेटचं तुमच्या सर्जननी दुर्बिणीतून पॅच बघितल्याशिवाय नाव काढू नका. गाल फुगवून फुंकताना दाब वाढतो तो वरच्या पॅचपर्यंत जातो. माझा पेशंट असता तर तीन महिन्यांच्या आत हातात दिला नसता, आणि नंतरही आधी घरी हळू सूर, मग वरात.

कोयनाकाठ_७७

ट्रंपेट काकांकडे नेऊन ठेवलाय, घरात असता तर तिसऱ्या दिवशी तोंडाला लावला असता. बँडमास्तर भला माणूस निघाला, महिना-दीड महिन्यानंतर डॉक्टर हो म्हणाले तर याला झांज देतो म्हणालाय, निम्म्या पैशात. भाऊ आत्तापासून कुरकुर करतोय की झांजवाल्याला वरातीत कुणी बघत नाही.

अक्काताई_वाई

बघत नाही पण ऐकतात सगळे. हेल्मेट घालून पाठवा सुपारीला.